शनवारचं उघडं लोखंड

हासाजी मेस्त्रीला काहीही सांगावं, पण गंजावरून रंग मार असं सांगू नये. एरवी माणूस गरीब गाय. आळीतल्या कुणीही येऊन चहा पिऊन जावं, शिडी मागून न्यावी, महिनाभर परत आणू नये, ह्याचं काही म्हणणं नसायचं. पण लोखंडाचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. मुंबईच्या गोदीत रंगकामाचा मेस्त्री म्हणून त्याने उभा जन्म काढला. तिथे एकदा एका साहेबाने घाईघाईत सांगितलं, "खरवडत काय बसलास, वरून एक हात मार आणि मोकळा हो." रंगवाल्यांच्या बोलीत रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. हासाजीने आपला ब्रश साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग हा हात तुमच्याच हाताने मारा साहेब." नोकरी जायची ती थोडक्यात वाचली.

निवृत्त होऊन पनवेलला घरी आला तरी तेच. "गंज झाकला म्हणून मरत नाही, आत बसून खातो," हे त्याचं वाक्य इस्राएल आळीने, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या वस्तीने, इतक्यांदा ऐकलं होतं की बायका त्याची नक्कल करायच्या. आधी खरवडायचं, मग घासलेटाने पुसायचं, मग जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचं अस्तर, आणि त्यानंतर रंगाचे दोन हात. "मेस्त्री, भाकरीला तूप लावायच्या आधी अस्तर देता की नाही?" अशी थट्टा चालायची. हासाजीही हसायचा. आपलं खरं आहे हे त्याला ठाऊक होतं, मग हसायला काय जातंय?

तर नवे पैसे चालू झाले त्या वर्षीची ही गोष्ट. हासाजीचा एकुलता एक मुलगा सॉल मुंबईला कारकून होता. भायखळ्याला खोली होती, तिथे तो आणि बायको सॅली राहायची. एक शनवार सोडून एक शनवार दोघं एस्टीने पनवेलला यायची. हासाजीची बायको एस्थर जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात हा एकटाच. आणि आळीही एकटी पडत चालली होती. इस्राएल देश झाल्यापासून एकेक घर कुलूप लावून तिकडे निघालं होतं. मशिदीत (इस्राएल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात) प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमेपर्यंत ताटकळत बसावं लागायचं.

सॉलच्याही मनात तेच आहे, हे हासाजीला दिसत होतं. जेवता जेवता तो तिकडच्या संत्र्यांबद्दल बोलायचा, कुणाकुणाला तिथे कसं काम मिळालं ते सांगायचा. हासाजी मान डोलवायचा आणि आमटी वाढ म्हणायचा. "तू जाणार आहेस का?" एवढं साधं विचारायला काय झालं होतं? पण विचारलं की उत्तर येणार, आणि ते उत्तर त्याला नको होतं.

मागच्या खेपेला मात्र सॉल ओट्यावर बुटाच्या नाड्या बांधता बांधता सहज म्हणाला, "बाबा, आपल्या कठड्याची पार रया गेलीय. सणाच्या आधी रंग काढा की. हिरवा काढा, उठून दिसेल. फार खपत बसू नका, वरून एक हात मारला तरी चालेल."

शेवटचं वाक्य हासाजीने सोडून दिलं. पोराला कुठे अक्कल आहे लोखंडाची! पण आधीचं त्याने पदरात बांधून घेतलं. 'आपल्या कठड्याची.' सण म्हणजे नव्याचा सण, नव्या वर्षाचा. त्याच्या आधी घर सारवायचं, रंगवायचं, हे तर एस्थर असल्यापासूनचं. आणि जाणारा माणूस कधी कठडा रंगवतो का? ज्याला राहायचंय तोच रंगाचं बोलणार. हासाजीने मनातल्या मनात निकाल लावून टाकला. सॉल जात नाही. भूत उतरलं त्याच्या डोक्यातलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा आळीतून मान वर करून चालायला लागला.

त्या कठड्याचीही कथा आहे. सॉल रांगायला लागला तेव्हा ओट्यावरून खाली गटारात पडला, कपाळाला खोक पडली. हासाजीने गोदीतल्या भंगारातून गज मिळवले, लोहाराकडून पट्ट्यांत बसवून घेतले आणि ओट्याला हा कठडा केला. पोरगं पडू नये म्हणून. तर चार वर्षांचा झाल्यावर त्याच पोराने दोन गजांच्या मधे डोकं घातलं आणि ते अडकलं. एस्थरने त्याच्या कानांना खोबरेल चोळलं, शेजाऱ्यांनी पाय ओढले, पोराने आभाळ डोक्यावर घेतलं. शेवटी हासाजीने दोन्ही हातांनी गज धरला आणि असा जोर लावला की गज वाकला आणि पोर सुटलं. तो गज तेव्हापासून वाकडाच होता. सरळ करता आला असता, हासाजीने केला नाही.

खरवडायला जोडीला होता बळीराम. करंजाड्याचा आगरी, मिठागरात जन्म गेलेला. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली, म्हणून हे चार महिने तो पनवेलात मिळेल ते काम करायचा. हासाजीची आणि त्याची मैत्री जुनी, भांडणावर पोसलेली. दोघं पत्र्याच्या पात्या घेऊन ओट्यावर बसले. जुना रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला. वर तपकिरी, त्याखाली निळा, त्याखाली करडा.

"ह्यो निला कंचा?" बळीरामने विचारलं.

"सॉलच्या लग्नातला. करडा एस्थर गेली त्या वर्षीचा."

"तुमचं बरं हाय मेस्त्री. आमाला सालं आठवत नाय, तुमी गज खरवडला की सगली सालं बाहेर."

"जोर लाव, जोर लाव. गप्पांनी गंज निघत नाही. कोपऱ्यात बघ, पट्टीच्या मागे. चोर तिथेच बसतो."

बळीरामने कोपरा खरवडला, पण तोंड गप्प ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. "रागवू नका मेस्त्री. पन घर इकायचं आसंल तरी मानूस रंग काढतोच."

हासाजीचा हात थांबला. मग तो मोठ्याने हसला. "अरे शहाण्या, दिवस कुठले आहेत? पितृपंधरवडा! ह्या दिवसांत तुमच्यातला कुणी घराचा सौदा करेल?"

"नाय बा. पितरांत कोन सवदा करतो?"

"मग? पनवेलात घर घेणारा तुमच्यातलाच असणार ना? आमचे तर सगळे निघालेत."

बळीराम पुन्हा खरवडायला लागला. हासाजीला तर आपलं म्हणणं इतकं पटलं की त्याने स्वतःच दोनदा मान डोलावली. आता बघा, इस्राएल माणूस, ह्याला पितरांचं काय? पण ज्याला बुडायचं नसतं तो कुणाच्याही पंचांगाला धरतो.

जुना रंग निघण्यातच दोन दिवस गेले, लोखंड उघडं पडलं ते शुक्रवारी, आणि दुपारपर्यंत काम आटोपलं. तारेचा ब्रश फिरला, काचकागद फिरला, घासलेटाची चिंधी फिरली. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. कठडा नुसता लखलखत होता. हासाजीने डब्यात शेंदूर कालवला. पनवेलच्या हवेत खरवडलेलं लोखंड उघडं ठेवायची सोय नाही. खाडीचा वारा खारा, एक रात्र मिळाली की पुरे. त्यात आज शुक्रवार. दिवेलागणीला शब्बाथ लागणार, मग शनवारची संध्याकाळ सरेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. म्हणजे अस्तर आत्ताच झालं पाहिजे. भरपूर वेळ होता. हासाजीने ब्रश बुडवला, आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाशी सॉल आणि सॅली दिसली.

"अरे वा!" सॉल म्हणाला, पण कठड्याकडे बघताना त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काय, सगळं उघडंबोडकं? अजून रंग नाही?"

"आत्ता अस्तर देतो. तासाभरात..."

"नको नको, आत्ता ते लाल काही फासू नका बाबा. दयाराम शेट येतायत चहाला. कपड्यांना लागेल, बसायला जागा नको का? ते गेले की करा."

दयाराम शेट म्हणजे बाजारातले धान्याचे व्यापारी. असा माणूस आपल्या ओट्यावर चहाला कशाला येतोय, हे हासाजीच्या मनात आलं, पण पोराने लग्नाच्या बायकोसमोर सांगितलेलं मोडायचं नाही म्हणून त्याने ब्रश चिंधीत गुंडाळून ठेवला. तिथेच चुकलं.

शेट आले ते उन्हं कलल्यावर. चहा घेतला, पण एका जागी बसले नाहीत. भिंतीला टिचक्या मारल्या. मान वर करून वासे बघितले. ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली. मग वाकड्या गजापाशी थांबले. "हा असा का हो?"

हासाजी तोंड उघडणार तोच सॉल म्हणाला, "तो असाच आहे. पहिल्यापासून."

हासाजीने त्या गजावरून एकदा हात फिरवला.

"बरं," शेट चपला घालत म्हणाले, "पंधरवडा चालू आहे, आज काही बोलायचं नाही. नुसती नजर टाकली. रविवारी आईला दाखवायला आणतो. तिच्या मनात भरलं की घटस्थापनेनंतर बोलू, दसऱ्याला ताबा." हासाजीकडे बघून त्यांनी हात जोडले. "मेस्त्री, येतो."

ते गेले. बळीराम ओट्याच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. सॅली आत गेली. हासाजीने सॉलकडे बघितलं.

"कसला ताबा?"

सॉलने घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता तो. बापाला दुखवायची त्याची इच्छा नव्हती, आणि म्हणूनच त्याने दोन महिने काही सांगितलं नव्हतं. अशी चांगली माणसंच जास्त घात करतात. तो म्हणाला, "बाबा, आमची तारीख आलीय. दसरा झाला की आम्ही निघणार."

आमची. आम्ही.

मराठीत ही एक सोय आहे. बरोबर न्यायचं असलं तर 'आपण', मागे ठेवायचं असलं तर 'आम्ही'. दाराला कुलूप लावावं तसा एक शब्द लावला की काम झालं. कठडा रंगवायचा तेव्हा तो 'आपला' होता. निघायच्या वेळी ती 'आम्ही' झाली.

"आणि मी?" हासाजीने विचारलं. हे विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तुम्हाला बोलावून घेणार ना! आधी आम्ही जाऊन बस्तान बसवतो. तुमची छाती ही अशी, तिकडे थंडी... वर्षभर पेणला सिप्पोरा आत्याकडे राहा. आत्याशी बोललोय मी. ती आनंदाने तयार आहे."

"आत्याला माहीत आहे?"

"हो."

"आळीत अजून कुणाकुणाला माहीत आहे?"

सॉल शेटचा रिकामा कप उचलायला वाकला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ज्या आळीतून म्हातारा मान वर करून चालत होता, ती आळी त्याची कीव करत होती.

"मला विकायचंच सांगितलं असतंस," हासाजी म्हणाला, "तर मी नाही म्हणालो असतो का रे? घर तुझंच आहे. मला सण कशाला सांगितलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"बरं झालं. आता वाटलं नाही!"

ह्या बोलाबोलीत सूर्य कधी टेकला ते कळलं नाही. आतून सॅलीने काचेच्या दिव्यात खोबरेल ओतल्याचा वास आला, मग वात पेटल्याचा उजेड. शब्बाथ लागला. ओट्यावर लोखंड उघडंच होतं. शेंदराचा डबा झाकणाशिवाय तसाच होता.

बळीराम हळूच म्हणाला, "मेस्त्री, तुमी आत जावा. मी लावतो आस्तर. मला कुटं शनवार हाय?"

"नाही."

"आवो, रातीत लाल हुईल सगलं. तीन दिसांची म्हेनत!"

"माझ्या दारात शनवारी काम होत नाही. माझ्याही हाताने नाही, तुझ्याही हाताने नाही. आमच्या बापजाद्यांनी शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली नाव दिलं. तेल गेलं, घाणे गेले, नाव तेवढं उरलंय. जा तू घरी."

बळीराम गेला. रात्री भुरभुर पाऊस आला आणि खाडीकडून वारा सुटला. हासाजी आत पडून ऐकत होता. मनात आलं असतं तर उठून गजांवर एखादं गोणपाट टाकता आलं असतं. त्याने टाकलं नाही. होऊ दे काय व्हायचं ते, असं त्याला वाटलं.

शनवारी सकाळी मशिदीत बापलेक शेजारी उभे होते. प्रार्थना संपली की इस्राएल लोकांत हातबोशी असते, एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. सॉलने दोन्ही हात पुढे केले. हासाजीनेही केले. मशिदीत नाही कसं म्हणणार? पण बाहेर पडल्यावर तो चार पावलं पुढेच चालत राहिला.

जाताना अंधुक होतं, आता उजेडात ओट्याच्या पायरीशी सॉल थबकला. गजांवर सगळीकडे तांबूस बुरा धरला होता. पट्ट्यांच्या जोडापाशी तर थेंब सुकून नारिंगी ओघळ आले होते.

"अहो बाबा, उद्या शेट आईला घेऊन येतायत! हे असं दाखवायचं? म्हणेल, घर सडलंय." तो आवाज खाली आणून म्हणाला, "तो हिरवा डबा काढू का? आळीत आता बघायला उरलंय कोण? मीच मारतो पटकन एक हात."

एवढा वेळ दाबलेलं मग वर आलं. "लाज नाही वाटत?" हासाजी ओरडला. त्याला खोकल्याची उबळ आली, तरी तो थांबला नाही. "ज्या मुलखात शनवार पाळायला मिळतो म्हणून चाललास, तिथे जायच्या आधी इथल्या शनवारी ब्रश धरतोस? काय घेऊन चाललायस रे तिकडे? बाप नको, शनवार नको, मग नेणार काय? संत्री तर तिथेच आहेत म्हणे!"

सॅली दारात येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. सॉल पायरीवर बसला. त्याचे डोळे भरले होते, पण हासाजीला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला वाटत नाही ह्याचीच त्याला भीती वाटली.

रविवारी उजाडता उजाडता बळीराम पाती घेऊन हजर. कठडा बघून त्याने कपाळावर हात मारला. "जल्लं मेलं! बगा, सांगितलं व्हतं ना? बरं आसूं द्या. वरचा बुरा हाय, आजून खोल गेला नाय. परत खरवडू, दुपारच्याला आस्तर मारून मोकले."

हासाजी आतून आला. त्याच्या हातात हिरव्या रंगाचा डबा होता. त्याने पातीच्या टोकाने झाकण उचकटलं, काडीने रंग ढवळला, ब्रश बुडवला आणि पहिल्या गजावर, त्या तांबूस बुऱ्यावर, वरून खाली सरळ एक हात ओढला.

"मेस्त्री!" बळीराम जवळजवळ किंचाळला. "आवो गंज हाय खाली! पुसलं पन नाय!"

"दिसतोय का?"

"आता नाय दिसत, पन..."

"मग झालं."

"तुमीच ना बोलायचा, आत बसून खातो म्हनून?"

"खाऊ दे."

बळीरामने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. हासाजीने ते शांतपणे सोडवून घेतलं आणि दुसरा गज घेतला. हात मात्र काय सुरेख चालत होता त्याचा! कुठे ओघळ नाही, कुठे सुटलेला केस नाही, जोडाजोडांत ब्रशचं टोक बरोबर जात होतं. आयुष्यभराचं कसब त्याने त्या एका खोट्या कामात ओतलं. वाकड्या गजापाशी आला तेव्हा त्याने ब्रश घट्ट धरला आणि इतर गजांना दिला तसाच त्यालाही हात दिला. कमी नाही, जास्त नाही.

काम संपत आलं तेव्हा सॉल चहाचा कप घेऊन बाहेर आला. रात्रभर झोपला नसावा. कठडा बघून त्याचा चेहरा उजळला. "बाबा! किती छान दिसतंय!" बापाचा राग गेला असं त्याला वाटलं. माणसाला जे हवं असतं ते त्याला पटकन दिसतं. ह्या बाबतीत तो बापावरच गेला होता.

"दिसतंय ना?" हासाजी म्हणाला.

"एकदम नवं. आणि बाबा, खरंच सांगतो, वर्षभरात तुम्हाला बोलावून घेतो. शब्द आहे माझा."

"हो, हो. घे की बोलावून."

तेवढ्यात दयाराम शेट आईला घेऊन आले. म्हातारी काठी टेकत पायरीपाशी थांबली. "अगो बाई, कठडा काय सुरेख हो! नजर ठरत नाही."

"आई, त्याच्यावर जीव लावू नकोस," शेट हसले. "तो काढायचाच आहे. इथे पिठाची चक्की बसली की पोती आत न्यायला इथूनच दार पडणार. उगाच तसदी घेतलीत मेस्त्री. मला एका शब्दाने विचारलं असतंत तर..."

सॉलने घाईघाईने विषय बदलला. "चला, आतलं दाखवतो. बाबांचीही खुशी आहे बरं का. हो ना बाबा?"

"आमची काय," हासाजी म्हणाला, "आमची खुशीच आहे."

सगळे आत गेले. बळीराम तेवढा उरला. शुक्रवारपासून पडलेल्या शेंदराच्या डब्यावर साय धरली होती. त्याने तो पायाने पुढे सरकवला. आवाजात राग होता, आणि डोळ्यांत दुसरंच काहीतरी. "ह्याचं काय करू?"

"गावात ने. तुमच्या मारुतीला लाव. तो तरी जागचा हलत नाही, त्याला अस्तर द्यायला हरकत नाही."

बळीरामने डबा उचलला. येतोही न म्हणता तो पायरी उतरला. वळणापर्यंत तो एकदाही मागे बघायला थांबला नाही. त्याचा मेस्त्री त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता, मग निरोप कुणाचा घ्यायचा?

शेट आणि आई समाधानाने निघून गेल्यावर सॉल पुन्हा ओट्यावर आला. बापाशेजारी बसावं, काहीतरी बोलावं, असं त्याच्या मनात असावं. टेकायला म्हणून त्याने हात कठड्यावर ठेवला, नेमका वाकड्या गजावर.

"ओलं आहे," हासाजी म्हणाला. पण उशीर झाला होता.

सॉलने हात उचलला. तळव्याला हिरवा रंग लागला होता आणि त्या हिरव्यात तांबडी गंजाची माती. गजावर त्याच्या पंजाएवढी जागा उघडी पडली होती. तो हाताकडे बघत राहिला.

"घासलेटाने पूस," हासाजीने चिंधी पुढे केली.

"निघेल?"

"निघेल की. खाली धरलेलंच नाही काही."